मोठा पी, लहान पी

पाचवीत इंग्रजी सुरू झालं तेव्हा आमच्या मराठी शाळेत चार लिपी गिरवून घ्यायचे. तुमच्यापैकी अनेकांना त्या चार रेघांच्या वह्या आठवत असतील. देवनागरीत लहान-मोठं अक्षर नाहीच, मग एकाच 'ए'ची इतकी रूपं कशाला, हे कोडं मला तेव्हा सुटलं नाही. सुटलं ते जर्मनीत, पीएचडीनंतर, एका गुरुवारी दुपारी.

आमचा गट नद्यांच्या पाण्याचा अभ्यास करतो. १५ वर्षांची मोजमापं लिनक्सवरच्या मायएसक्यूएलमध्ये होती. ती पोस्टग्रेसमध्ये हलवायचं काम माझ्याकडे आलं. स्क्रिप्ट रात्री चालवली. सकाळी पाहिलं, तर एकही एरर नाही. शुक्रवारी जुना सर्व्हर पुसला जाणार होता. सहज म्हणून नमुन्यांच्या टेबलमधल्या ओळी मोजल्या. १८ हजारांच्या जागी ३७!

झालं होतं असं. जर्मनमध्ये नमुन्याला 'प्रोबे' म्हणतात, आणि जर्मन नामाचं पहिलं अक्षर नेहमी मोठं असतं. इंग्रजीत 'प्रोब' म्हणजे पाण्यात बुडवायचं मोजयंत्र. स्पेलिंग तेच! एका जर्मन विद्यार्थ्याने नमुन्यांच्या टेबलला मोठ्या 'पी'ने नाव दिलं, नंतर आलेल्या कुणी यंत्रांच्या टेबलला लहान 'पी'ने. लिनक्सवर मायएसक्यूएल टेबलांच्या नावांत लहान-मोठ्या अक्षराचा फरक मानतं, म्हणून दोघं शेजारी सुखाने नांदत होती. विंडोजवर नांदली नसती.

पोस्टग्रेस मात्र अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेलं नाव लहान अक्षरांत बदलून घेतं. ओरॅकल उलट मोठ्या अक्षरांत. एसक्यूएलचं प्रमाणही तेच सांगतं. दुहेरी अवतरणात लिहिलं तर नाव जसंच्या तसं राहतं, पण मग प्रत्येक क्वेरीत ती अवतरणं देत बसावं लागतं. ती कटकट नको म्हणून मी अवतरणं गाळली होती. शिवाय 'या नावाचं टेबल असेल तर आधी काढून टाक' असं स्क्रिप्टमध्ये मीच लिहिलेलं. आधी नमुने आले, मग यंत्रं आली आणि त्यांनी नमुन्यांना घराबाहेर काढलं.

तेव्हा मला जर्मनच्या वर्गातलं माझं पत्र आठवलं. बाईंनी लाल करून परत दिलं होतं. 'झी' मोठ्या 'एस'ने लिहिलं की 'आपण', लहानाने लिहिलं की 'ती' नाहीतर 'ते'. ऐकायला एकच. आपण मान देतो तो 'अहो'तून, क्रियापदातून. अक्षराच्या उंचीकडे आपलं लक्षच जात नाही. दोन्ही वेळा मी मोठ्या अक्षराला नुसती सजावट समजले होते.

जुना सर्व्हर अजून चालू होता, म्हणून वाचले. त्याच संध्याकाळी दोन्ही टेबलांना वेगळी नावं दिली आणि सगळं पुन्हा हलवलं.

तुमच्यावर असं काम आलं, तर आधी सगळ्या टेबलांची आणि कॉलमांची नावं काढा, लहान अक्षरांत करा आणि एकसारखी झालेली शोधा. नवी नावं लहान अक्षरांत, शब्दांमध्ये अंडरस्कोर घालून ठेवा. हलवून झालं की दोन्हीकडच्या ओळी मोजा. एरर आली नाही, एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. आणि मोजून होईपर्यंत जुना सर्व्हर कुणालाही पुसू देऊ नका.