रकाना

शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्याचा अर्ज आला. नाव, पत्ता, नोकरी आणि शेवटी एक लांबट रकाना : आयुष्यात मिळवलेलं यश. आधीचे तीन भरायला मिनिटही लागलं नाही. चौथ्यापाशी पेन थांबलं, आणि डोळ्यांपुढे आला तो बाभळीच्या फांदीला टांगलेला वजनकाटा.

आमच्या वर्ध्याकडे दिवाळीच्या आगेमागे कापूस फुटतो. पहिल्या वेचणीआधी आई सीतादही करायची. पऱ्हाटीला दहीभाताचा नैवेद्य दाखवायची, थोडा रानात शिंपायची. मग बाया कमरेला ओटी बांधून तासात शिरायच्या. वेचणी लांबून फार सोपी दिसते. वाळल्या बोंडाची टोकं नखाच्या मुळाशी घुसतात, आणि घाई केली की कापसासोबत पत्ती येते. आमच्याकडे येणाऱ्या एका बाईला सगळं गाव मोठीमाय म्हणायचं. तिच्या ओटीत पत्ती कधी नसायची. बोंडातून कापूस ती असा काढायची, की मागे रिकामी नख्खी तेवढी उरावी. संध्याकाळी काट्यावर तिचं वजन सगळ्यांत कमी भरायचं. बाबा म्हणायचे, "मोठीमाय, हात चालव ना जरा."

"पयले कापूस पाय बापा, मंग वजन पाय," ती म्हणायची. "मी असाच येचतो."

मग ओटी सोडून ती आपला कापूस गंजीवर ओतायची. एकदम नाही, हळूहळू. वरून हात फिरवायची, घटकाभर बघत राहायची आणि हात धुवायला विहिरीकडे जायची. ते बघणं मी पुढे मोठमोठ्या सत्कारांत शोधलं. कुणाच्याच चेहऱ्यावर सापडलं नाही.

पण मजुरी किलोवर होती. तिच्या स्वच्छ हातांना रोज पैसे कमी मिळायचे. आमचा कापूस मात्र तिच्यामुळे चांगल्या भावाने जायचा. तिच्या समाधानाचं कौतुक करताना हे मला आजही बोचतं.

म्हणून विनोबांचा नालवाडीचा प्रयोग मला फार मोठा वाटतो. वर्ध्याला लागूनच नालवाडी. तिथे ते रोज तासन् तास सूत कातत, आणि कातणाऱ्याला जी मजुरी मिळते तेवढ्यातच जेवण भागवून बघत. ती किती अपुरी आहे, हे त्यांनी स्वतःच्या पोटावर मोजलं. 1935 साली चरखा संघाने कातणाऱ्यांची मजुरी वाढवायचं ठरवलं. समाधानाविषयी बोलावं तर अशा माणसाने. उपाशी माणसाला संतोष शिकवणारे मला अजिबात आवडत नाहीत.

1938 मध्ये तब्येत पार खालावली तेव्हा विनोबा धाम नदीकाठी, जमनालालजी बजाजांच्या पवनारच्या बंगल्यात आले. सगळे विचार बाजूला ठेवले आणि खणायला लागले. आधी अगदी काही मिनिटं, मग रोज थोडं थोडं वाढवत. वजन वाढलं, अंगात ताकद आली. तिथल्याच खोदकामात राम-भरत भेटीची जुनी मूर्ती निघाली. ती पवनारच्या आश्रमात आजही आहे. पुढे भूदानासाठी ते वर्षानुवर्षं देशभर चालले, त्या यशाची गणती एकरांत झाली. मला मात्र कुदळ घेतलेले, त्या दिवशीची मिनिटं पुरी करणारे विनोबा जास्त जवळचे वाटतात.

पवनारला गेलो की मी धामच्या खडकांवर बसतो. हिवाळ्यात पाणी कमी असतं, खडक उन्हाने कोमट झालेले असतात. मागच्या खेपेला पलीकडच्या काठाने डोक्यावर कापसाची गाठोडी घेतलेल्या तीन बाया चालल्या होत्या. तिघीही घाईत होत्या, काट्यापाशी पोचायचं असणार.

मोठीमायला जाऊन बरीच वर्षं झाली. शेत आता भाऊ बघतो. रोजाने दिलं तर हात मंदावतात, परवडत नाही, असं त्याचं म्हणणं. आमचं यावर दोनदा चांगलं वाजलं. यंदा आमच्या शेतात वेचणी रोजाने आहे.