धाव बदलताना

बैलगाडीच्या लाकडी चाकावर बाहेरून जी लोखंडी पट्टी चढवतात तिला मराठीत ‘धाव’ म्हणतात. लोहार ती विस्तवात लाल करीत, तापून ऐसपैस झालेली पट्टी चाकावर बसवीत आणि वर पाणी ओतीत. निवताना ती आकसे आणि आरे, तुंबा, सगळा लाकडी संसार आवळून धरी. विक्रमगडकडच्या आमच्या वर्गांतल्या एखाद-दुसऱ्या मुलाला हा शब्द अजून ठाऊक असतो, याचा आम्हांला दर वर्षी नव्याने आनंद होतो. पुढे १८८८ साली बेलफास्टमधल्या डनलॉप नावाच्या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेली रबरी नळी तयार केली आणि धावेचे कामच पालटले. लोखंडी धाव चाकाला धरून ठेवी. रबरी धावेने रस्त्याला धरून ठेवायचे असते. मोटारीचा सगळा भार ज्या चार ठिकाणी जमिनीला टेकतो, त्यातले प्रत्येक ठिकाण साधारण आपल्या तळहाताएवढे असते. वेग, वळण, ब्रेक या सगळ्या गोष्टी त्या चार तळहातांच्या भरवशावर चालतात.

हे सारे सुचण्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. आम्हांला टायर घ्यायचे होते.

आम्ही दोघे, नवरा-बायको, विरारला राहतो आणि एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. एकाची नोकरी कायम, दुसरीची चाळिशी उलटल्यावरही तासिका तत्त्वावर. महाविद्यालय महामार्ग सोडून आत, विक्रमगडच्या बाजूला आहे. विरार-डहाणू लोकल २०१३ पासून धावते, पण तिचे रूळ त्या दिशेला वळत नाहीत. म्हणून एक वेळचे साठेक किलोमीटर गाडीने. गाडी मात्र, सहकाऱ्यांच्या मते, आमच्या विषयाला न शोभणारी. २०२२ मध्ये भारतात पोलोचे उत्पादन थांबले. त्याच वर्षी आम्ही चाकणच्या कारखान्यातून २०१५ साली बाहेर पडलेली एक जीटी टीएसआय दुसऱ्या हाताने घेतली. १.२ लिटरचे टर्बो इंजिन, १०५ अश्वशक्ती. मराठीच्या प्राध्यापकाने साधी गाडी साधेपणाने चालवावी, असा काही अलिखित संकेत असावा. तो आम्ही मानला नाही. शिरसाड ते मनोर या पट्ट्यात दोन कंटेनरांच्या मधून सुटका करून घेताना त्या इंजिनाने जे समाधान दिले आहे ते पुष्कळ समीक्षाग्रंथांनी दिलेले नाही.

अशा गाडीला कसले टायर घ्यावेत, हे जाणकारांना विचारले की एक शब्द हटकून येतो : समर परफॉर्मन्स टायर. म्हणजे ‘उन्हाळी’ टायर. आम्ही शब्दांची माणसे असल्याने प्रथम या शब्दापाशीच थबकलो. आपल्याकडे ऋतू तीन. युरोपीय टायरवाल्यांकडे दोनच : तापमान सात अंश सेल्सिअसच्या खाली गेले की हिवाळा, वर असेल तो सारा उन्हाळा. थंडीत कडक न होणारे मऊ रबर एका ऋतूसाठी, उष्णतेत ढिले न पडणारे रबर दुसऱ्यासाठी. या हिशेबाने वसई-विरारला वर्षाचे बाराही महिने उन्हाळा आहे, श्रावणसुद्धा. आपल्या दुकानांत जे साधे टायर मिळतात तेही जवळजवळ सगळे याच अर्थाने उन्हाळीच. तेव्हा ‘उन्हाळी घ्या’ या सल्ल्यात सल्ला असा काही उरतच नाही. आपला खरा प्रश्न त्या द्विऋतू कोशात नसलेल्या तिसऱ्या ऋतूचा आहे.

जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले आणि वसईच्या मिठागरांतली वस्ती पाण्याने वेढली गेली, ते ज्यांनी पाहिले त्यांना या ऋतूविषयी वेगळे सांगायला नको. पण टायरला इतक्या पाण्याची गरज नसते. रस्त्यावर बोटाच्या पेराएवढे साचले तरी पुरते.

२०२५ च्या नवरात्रातला पाऊस. सकवारच्या पुढे, सकाळची वेळ, वेग ऐंशीच्या आसपास. महामार्गावर आता काँक्रीट आहे, घोडबंदरपासून पार तलासरीच्या अच्छाडपर्यंत तो पांढरा थर चढवण्याचे काम अलीकडच्याच वर्षांतले. डावीकडच्या सखल जागी पाण्याचा एक चकाकता पट्टा होता. गाडी त्यावर गेली आणि स्टिअरिंग हलके झाले. हलके म्हणजे रिकामे. हातात काही आहे आणि त्याच्या पलीकडे काही नाही, असे. एक सेकंद, फार तर दीड. मग चाकांना पुन्हा रस्ता सापडला. मागून येणारा टँकर शेजारच्या मार्गिकेतून निघून गेला. मनोरपर्यंत आम्ही दोघेही बोललो नाही.

या प्रकाराला जलतरंगण म्हणावे का, यावर नंतर घरी चर्चा झाली. ती लांबली, असो. त्याचे शास्त्र मात्र सोपे आहे. टायरच्या नक्षीतल्या चरांनी समोरचे पाणी बाजूला फेकायचे असते. वेग वाढला आणि चर उथळ झाले की पाण्याला निसटायला वेळ मिळत नाही, त्याची पाचर चाकाखाली शिरते आणि चाक उचलले जाते. नासाच्या हॉर्न नावाच्या अभियंत्याने १९६० च्या दशकात विमानांच्या चाकांवर प्रयोग करून याचे एक सूत्र मांडले : चाक कोणत्या वेगाला तरंगेल ते टायरमधल्या हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरते. चरांना आवरणार नाही इतके पाणी असेल तर ‘बत्तीस’ हवेला हा वेग येतो ताशी सुमारे ९४ किलोमीटर, ‘पंचवीस’ हवेला सुमारे ८३. हवा भरायचा कंटाळा हा अकरा किलोमीटरचा कंटाळा असतो. अर्थात हे विमानाच्या टायरचे सूत्र; मोटारीचे चाक त्याआधीही हलके पडते, हे आम्ही पाहिलेच.

त्याच संध्याकाळी दुकान गाठले. मापकाने मोजल्यावर पुढच्या टायरांची नक्षी तीन मिलिमीटर निघाली, मागच्यांची चार. कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत चालते. चरांच्या तळाशी जे छोटे उंचवटे असतात ते याच मापाचे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने आमचे टायर ठणठणीत होते. नवा टायर सुमारे आठ मिलिमीटरचा असतो. कायद्याची रेघ आणि पावसाची रेघ एक नव्हेत, एवढे त्या मापकाने सांगितले. कोरड्यात तीन मिलिमीटरवर आणखी वर्ष निघाले असते.

दुकानदार म्हणाला, “सर, घाई कशाला? दोनच टाका. पुढे नवीन, मागे हेच राहू द्या. इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे.” पैशांच्या दृष्टीने सल्ला मोहक होता. दिवाळीची सुट्टी तोंडावर होती. सुट्टीत तास नाहीत आणि तासिकावाल्यांना तास नाहीत म्हणजे मानधनही नाही. पण दोनच घ्यायचे तर नवे टायर मागे बसवावेत, असे टायर बनवणारेच सांगतात, आणि ते पटण्यासारखे आहे. पुढची चाके तरंगली तर गाडी सरळ जाते आणि पाय उचलला की बहुधा परत हाती येते. मागची तरंगली तर गाडी स्वतःभोवती फिरते. पुढच्या चाकांची बातमी निदान स्टिअरिंग देते; मागच्यांची कोणी देत नाही. दुकानदाराने हे शांतपणे ऐकून घेतले आणि “मॅडम, गाडी तुमची,” एवढेच म्हणाला. मागे आठ आणि पुढे तीन हाही तोडगा आमच्या रस्त्याला पुरा पडणारा नव्हता. चार घ्यायचे ठरले. मर्यादा तीस हजारांची, बसवणावळीसकट.

आता निवड. गाडीचे मूळ माप १८५/६० आर १५. यातला १८५ हा रुंदीचा आकडा मिलिमीटरांत. ६० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या साठ टक्के, म्हणजे १११ मिलिमीटर. १५ ही रिम, इंचांत. पुढचे ८४ एच म्हणजे एका टायरवर ५०० किलोचा भार आणि ताशी २१० किलोमीटरची वेगमर्यादा. वेगवान गाडीच्या हौशी मालकांत १९५ किंवा २०५ रुंदीचे टायर चढवण्याची चाल आहे. दिसतात देखणे, कोरड्या वळणावर धरतातही अधिक. पण रुंद टायरला पाण्याचा अधिक रुंद पट्टा बाजूला सारावा लागतो, म्हणून बाकी सारे सारखे असेल तर तो तरंगतो लवकर. शिवाय १९५/६० घेतला तर चाकाचा व्यास दोन टक्क्यांनी वाढतो आणि वेगमापक तेवढेच कमी दाखवू लागतो. बुटक्या भिंतीचा विचारही आम्ही सोडून दिला. आपल्या खड्ड्यांत रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चिमटून भिंतीतले धागे तुटतात आणि टायरला फुगा येतो. (एमआरएफची सुरुवात १९४६ मध्ये मद्रासला खेळण्यातले फुगे बनवण्यापासून झाली होती, हे येथे आठवण्याचे काही कारण नाही; तरी आठवले.)

माप ठरल्यावर उरते रबर आणि नक्षी. कोरड्या रस्त्यावर चिकटून धावणारे खास स्पोर्ट्स टायर मऊ असतात, लवकर झिजतात आणि बाहेरून येतात. जून २०२० पासून नव्या टायरांच्या आयातीवर परवान्याचे बंधन आले, त्यामुळे या मापात ते शोधण्यात जो वेळ जाईल तोही किमतीत धरावा लागेल. दुसऱ्या टोकाला इंधन वाचवणारे कडक टायर, स्वस्त आणि दीर्घायुषी, पण ओल्या रस्त्यावर काहीसे अलिप्त. आम्हांला हवी होती मधली जात : रबरात सिलिका असलेला, सलग खोल उभे चर असलेला, आरामाकडे झुकणारा पण ब्रेक दाबल्यावर ऐकणारा. रबरात काजळीबरोबर सिलिका घालण्याची युक्ती १९९० च्या दशकात मिशेलिनने रूढ केली; तिने ओल्या रस्त्यावरची पकड सुधारते आणि घरंगळताना वाया जाणारे इंधनही वाचते. एरवी या दोन गुणांचे पटत नाही. आपल्याकडे ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठी किमान मानक लावण्याची अधिसूचना जून २०२२ मध्ये निघाली. त्याआधी अशी अट नव्हती, हे चार-चार महिन्यांचा पावसाळा असलेल्या देशात जरा नवलाचेच.

आम्ही कोणते घेतले ते नाव लिहीत नाही, लिहिले तर लेखाला जाहिरातीचा वास येईल. भारतात बनलेले आहेत, एवढे सांगतो. पण नावापेक्षा महत्त्वाची एक गोष्ट आम्ही दुकानातच केली : टायरच्या भिंतीवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३२५’ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. सवलतीत पुढे केलेला पहिला संच दोन वर्षांपूर्वीचा निघाला. रबर पडून राहिले तरी म्हातारे होते. दुसरा संच आला तो चार महिन्यांचा.

किमतीतही योग जुळला. २२ सप्टेंबर २०२५ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, टायरांवरचा जीएसटी अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर आला. पाच हजारांच्या मूळ किमतीचा टायर पूर्वी ६,४०० ला पडला असता, तो ५,९०० ला पडतो. चारांमागे दोन हजार वाचतात. त्या दोन हजारांत अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि नवे व्हॉल्व्ह बसले. एकूण आकडा तीस हजारांच्या आत राहिला. जुन्यांपैकी मागचे दोन दुकानदाराने परतीत घेतले. ते पुढे कोणाच्या गाडीला लागतील, असे विचारल्यावर तो हसला.

गाडी बाहेर काढताना त्याने बजावले की पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून. साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तुळतुळीत थर नक्षीवरून घासून जाईपर्यंत नवा टायरही निसरडा असतो. दुसऱ्या दिवशी दसरा होता. गाडी धुतली, बॉनेटला झेंडूचे तोरण बांधले, चाकांना हळदकुंकू लावले. शुक्रवारी पहिला तास आठला होता. आम्ही नेहमीपेक्षा वीस मिनिटे आधी निघालो, आणि मनोरपर्यंत सत्तरच्या वर गेलो नाही.