कच्चा लिंबू आणि फुकटची फौज

आपल्या मुलांच्या खेळात ‘कच्चा लिंबू’ नावाची एक सुंदर प्रथा आहे. सर्वांत धाकट्याला खेळात घ्यायचे. पण तो बाद झाला, तरी त्याच्यावर राज्य आणायचे नाही. ही सवलत कुणालाच अन्याय वाटत नाही.

गेल्या दिवाळीत शिर्डीतील आमच्या आवारात मुलांनी दगडमातीचे दोन किल्ले समोरासमोर रचले. प्रत्येकावर पंधरा मातीचे मावळे. आखलेल्या रेषेवरून गोटी मारायची आणि आडवा झालेला मावळा उचलून ठेवायचा, असा नियम ठरला. पाच वर्षांच्या एका मुलीला रेषेच्या दोन हात पुढून मारण्याची मुभा होती. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तिसऱ्या दिवशी मात्र एका मुलाने बाजारातून आणलेले दहा नवे मावळे आपल्या तटावर उभे केले आणि खेळ तिथेच थांबला. ‘फादर, ते माझ्या पैशांचे आहेत,’ हे त्याचे म्हणणे. ‘मग आम्ही खेळतच नाही,’ हे इतरांचे. दोन दिवस किल्ले मुके राहिले. अखेर मुलांनीच तोडगा काढला : नवे मावळे मध्ये ठेवायचे आणि ज्या बाजूचा मावळा फुटेल, तिने त्यातून एक घ्यायचा.

एक सवलत मान्य आणि दुसरी अमान्य, असे का व्हावे?

हा पेच केवळ आपल्या अंगणातला नाही. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात खेळण्यांतील शिपायांच्या युद्धाचे नियम लिहिले. पुढे १९८७ साली इंग्लंडात ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा खेळ निघाला. त्यात प्रत्येक तुकडीची किंमत गुणांत ठरलेली असते आणि दोन्ही फौजांची बेरीज एकाच मर्यादेत ठेवतात. २०१५ साली त्यातील ‘स्पेस मरीन’ फौजेला एक लाभ मिळाला : ठरावीक रचनेची मोठी फौज मांडणाऱ्याला तिची वाहने बिनमोल. कागदावर दोन्ही बाजू समान. मेजावर मात्र एकीकडे वाहनांची रांग. ज्याच्या कपाटात मुळातच मोठा संग्रह, त्यालाच आणखी फुकट! २०१७ च्या नव्या आवृत्तीत हा लाभ राहिला नाही.

बुद्धिबळात बलवान खेळाडू नवख्याशी खेळताना कधी आपला वजीर पटावरून काढून ठेवतो. तेथे सवलतीची किंमत बलवान स्वतः मोजतो. खरी सवलत दुबळ्याला खेळात टिकवते, सर्वांसमक्ष ठरते आणि तो तयार झाला की संपते. फुकटची फौज मात्र समर्थालाच अधिक समर्थ करते आणि तिची किंमत समोरच्याकडून वसूल होते.

आपले मूल जिंकावे, असे कोणत्या आईबापांना वाटत नाही? पण त्याच्या हाती जादा बळ देण्यापूर्वी समोर कोण उभे आहे, हेही पाहावे. प्रतिस्पर्धी उठून गेल्यावर पटावर उरते ती केवळ फौज. खेळ उरत नाही.