बुखारी, रॉकेल आणि भिंतीतली फट

मंडळी, लडाखच्या पोस्टिंगचं नाव काढलं की लोक पहिलं विचारतात, "थंडी किती होती?" थंडी होतीच. पण मला तिथे खरी धास्ती वाटायची ती बुखारीची.

बुखारी म्हणजे पत्र्याची बंद शेगडी. डब्यातून रॉकेल थेंबथेंब आत पडतं आणि धूर नळकांड्यातून छपराबाहेर जातो. बाहेर उणे वीस असताना तिच्याइतकं जवळचं कुणी नाही. अट एकच, खोलीची झडप उघडी हवी. आणि पोरांना नेमकी तीच नको असते, कारण वारा तिथूनच येतो.

पूर्व लडाखमध्ये १५,००० फुटांवर आमची चौकी होती. एका पहाटे राउंडला गेलो, तर एका खोलीतले तिघेही डोकं धरून बसलेले. एकाला उलटी झालेली. कोल्हापूरकडचा एक पोरगा म्हणाला, "साहेब, उंची लागली वाटतं."

वर येऊन दोन महिने झालेले. तिघांना एकाच रात्री उंची कशी लागेल? वर बघितलं तर झडपेत पोतं कोंबलेलं, बुखारी काजळी धरून धुमसतेय. दार सताड उघडलं, बुखारी बंद केली, तिघांना बाहेर काढलं. नर्सिंग असिस्टंटने ऑक्सिजन लावला. दुपारपर्यंत पोरं सावरली.

नुसतं रागावून पोतं पुन्हा लागलंच असतं. म्हणून दुसऱ्या दिवशी रेशनच्या पुठ्ठ्यावर हिशोब मांडला.

रॉकेल हे मिश्रण, पण हिशोबापुरता एक रेणू धरला: १२ कार्बन, २६ हायड्रोजन. प्रत्येक कार्बनला ऑक्सिजनचे २ अणू, म्हणजे २४. दोन हायड्रोजनमागे १, म्हणजे १३. एकूण ३७ अणू, म्हणजे ऑक्सिजनचे साडेअठरा रेणू. वजनात बघा: १७० ग्रॅम रॉकेलला ५९२ ग्रॅम ऑक्सिजन. एक लिटर रॉकेल साधारण ८०० ग्रॅम, त्याला लागतो जवळपास २.८ किलो.

समुद्रकाठी एवढा ऑक्सिजन सुमारे १० घनमीटर हवेत मिळतो. १५,००० फुटांवर हवेचा दाब निम्म्याच्या थोडा वर, म्हणून तिथे १७ घनमीटरपेक्षा जास्त हवा लागते. आमची खोली १० बाय १० फूट, उंची ७. म्हणजे २० घनमीटर. एक लिटर रॉकेल, आणि खोलीतला बहुतेक सगळा ऑक्सिजन संपला!

पोरं गप्प झाली. एकाने विचारलं, "पण साहेब, धूर तर नळकांड्यातून जातो ना?"

"जातो. पण जाणाऱ्या हवेच्या जागी नवी आत यायला नको? सगळं बंद केलंस की नळकांड्याची ओढ मरते आणि धूर खोलीतच मागे फिरतो."

खरा धोका तर ऑक्सिजन संपायच्या कितीतरी आधी सुरू होतो. तो कमी पडला की काही कार्बनला दोनऐवजी एकच अणू मिळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणं, आणि विरळ हवेचीही तीच. माणूस उंचीला दोष देत झोपतो आणि उठतच नाही.

त्या हिवाळ्यात कुणाला झडपेबद्दल पुन्हा सांगावं लागलं नाही. पुठ्ठा त्यांनीच बुखारीमागच्या भिंतीवर ठोकला.

हे फक्त लडाखपुरतं नाही. बंद न्हाणीघरातला गॅस गिझर, दारं लावून पेटवलेली कोळशाची शेगडी, हिशोब तोच. एकाच खोलीत दोघातिघांचं डोकं एकदम दुखायला लागलं तर गोळी शोधू नका. आधी सगळ्यांना बाहेर काढा, मग डॉक्टरकडे न्या.