तारांना अर्थ नाही

"एवढ्या पैशांत एवढाच आवाज?" गिटार घरी आणली त्या संध्याकाळी आई म्हणाली. तिचं काही चुकलं नव्हतं. इलेक्ट्रिक गिटारचं अंग भरीव लाकडाचं. आत पोकळी नाही, त्यामुळे नुसती छेडली तर डबीवर ताणलेल्या रबरबँडइतकीच वाजते. शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याकडून मी ती जुनी गिटार साडेपाच हजारांना घेतली होती. पैसे माझेच, मस्जिद बंदरला एका दुकानात संध्याकाळी माल मोजून जमवलेले. ॲम्प्लिफायरचे पैसे मात्र मी धरलेच नव्हते. नव्याची किंमत ऐकली आणि दुकानातून मुकाट बाहेर पडलो.

माझगावच्या चाळीतल्या मुलाला गिटार कुठून सुचली, असं कुणी विचारलं की मी म्हातारपाखाडीचं नाव सांगतो. तिथल्या जुन्या लाकडी घरांतून नाताळात गिटार ऐकू येते, हे खरंच आहे. पण ते अर्धंच कारण. आमच्या घरात वाद्य आधीपासून होतं, आणि मला ते नको होतं.

बाबा गोदीत कंत्राटी वेल्डर आहेत. गणपती जवळ आले की ते बेंजो-पार्टीचे मास्तर होतात. पोटमाळ्यावरून बेंजो खाली उतरतो, टाइपरायटरसारखी त्याची बटणं पुसली जातात, आणि मग दहा दिवस बाबा आमचे राहत नाहीत. लालबाग, परळ, गिरगाव, जिथून बोलावणं येईल तिथे. गाडीवर कर्णे, मागे ढोल-ताशे, मध्ये बाबा. पहिल्या वर्षी संगीत मंडळाच्या अर्जात एक रकाना होता : घरी कोणी वादक आहे काय? मी 'नाही' असं लिहिलं. तेव्हा ते मला फारसं खोटं वाटलं नाही. वादक म्हणजे सतारीचा, तबल्याचा, फार तर गिटारचा. बेंजो म्हणजे रस्त्यावरचा गोंगाट.

असो. ॲम्प्लिफायर आपणच बनवायचा असं ठरलं. लॅमिंग्टन रोडवरून 'एलएम ३८६' नावाची आठ पायांची चिप आणली. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर ती जेमतेम अर्धा वॉट देते. दहा बाय बाराच्या खोलीत, भिंतीपलीकडे तान्हं बाळ असताना, अर्धा वॉट पुष्कळ झाला. चोरबाजारातून जुन्या रेडिओग्रामचा आठ इंची स्पीकर मिळाला. मोडक्या कपाटाच्या फळ्यांची पेटी केली. आवाज फाडण्यासाठी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात दोन डायोड बसवले. आवाजाच्या लाटेची शेंडी छाटली की तो फाटतो, आणि तसा फाटलेलाच हवा असतो. "चांगला आवाज पैसे देऊन फाडायचा?" असं आईनं विचारलं, त्यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

सगळं जोडलं, बटण दाबलं, आणि पेटीतून घरघर सुरू झाली. तारेला हात लावण्याआधीच. ती विजेची घरघर होती, सेकंदाला ५० फेऱ्या घेणारी. आणि पेटी तर बॅटरीवर! तीन रात्री मी मोबाईलवर व्हिडिओ पाहत बसलो, सुटं केलं, पुन्हा जोडलं. घरघर तशीच.

चौथ्या रात्री बाबा पाळीवरून आले. चहा पिताना थोडा वेळ ऐकत बसले.

"ट्यूब बंद कर."

आमच्याकडे अजून चोकवाली ट्यूब आहे. बंद केल्यावर घरघर निम्मी झाली. मग अंधारातच पुढे येऊन त्यांनी तारांवर पंजा ठेवला. फरक नाही. वायर जिथे खोचतात त्या जॅकच्या धातूला बोट लावलं, आणि आवाज एकदम खाली बसला.

"तुझ्या तारांना अर्थ नाही," बाबा म्हणाले.

मी वाङ्मयाचा विद्यार्थी. क्षणभर मला काय बोलावं सुचेना. त्यांना अर्थिंग म्हणायचं होतं. गिटारचं मागचं झाकण उघडलं तर घोडीखाली जाणारी बारीक वायर तुटलेली. वेल्डिंग करणाऱ्या हातांनी एकाच स्पर्शात डाग दिला.

घरघर गेली तरी आवाज गोधडीखालून आल्यासारखा येत होता. त्यावर बाबा म्हणाले, "बेंजो थेट माईकच्या भोकात लावला की असंच होतं. कॉईलला ओढलं की ती बसते." मी पुस्तक काढून पडताळलं. चुंबकाभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे म्हणजे पिकअप. त्याच्यापुढे पोलादी तार हलली की वेढ्यांत वीज उपजते. फॅरेडेनं हे १८३१ साली दाखवलं. त्या वेढ्यांना पुढे सुमारे १० लाख ओहम लागतात, आणि माझी चिप देत होती ५० हजार. मधे एक फेट ट्रान्झिस्टर बसवताच आवाज उघडला. बाबांना ओहम ठाऊक नव्हते. हे सगळं ते मिरवणुकीत, कर्ण्यांच्या पुढे उभं राहून शिकले होते.

त्याच पुस्तकांच्या नादात आणखी दोन गोष्टी कळल्या. बेंजोचा पूर्वज म्हणजे जपानातल्या नागोया शहरात १९१२ साली निघालेलं ताइशोगोतो. आणि १९३२ साली अमेरिकेत रिकनबॅकरची पहिली इलेक्ट्रिक गिटार विक्रीला आली, ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची होती. बाबांना सांगितलं. "मग आपल्याच घरातली की ती," म्हणाले, आणि जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी बेंजो खाली काढला. "तो मधला तुकडा यातही बसव. पण दहाच्या आत वाजवून बघ." रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद, हा २००० सालचा नियम त्यांना तोंडपाठ आहे.

स्नेहसंमेलनात माझी पेटी स्टेजवर ठेवली आणि तिच्यापुढे माईक धरला. दोन गाणी बरी झाली. खाली उतरल्यावर एका मित्रानं विचारलं, "घरी बनवलेली, आणि घरघर अजिबात नाही? कुणी दुरुस्त केलं?"

"आमच्या ओळखीचे एक मेकॅनिक आहेत," मी म्हणालो.

अर्जातला 'नाही' पहिल्या वर्षीचा होता, तेव्हा मला कळत नव्हतं. हे मात्र कळून सवरून बोललो. म्हणून इथे लिहितो आहे. अंक हातात आला की घरी द्यावाच लागेल. बाबा सातवीपर्यंत शिकले आहेत, पण हातात आलेलं सगळं वाचतात, जाहिरातींसकट.