चिंचपाड्याचा मोह

सुरतेहून भुसावळकडे जाणारी आगगाडी नवापुरास थांबते. हें स्थानक मोठें गमतीचें. अर्धें गुजरातेंत, अर्धें महाराष्ट्रांत! तें मागें पडलें कीं पुढें चिंचपाडा लागतो. गेल्या चैत्रांत तेथील एका शिक्षक-स्नेह्याकडे मी चार दिवस राहिलों. निमित्त हवापालटाचें होतें. खरें कारण निराळें.

थोरले बंधू वारल्यापासून घरचा हिशेब मीं चोख ठेविला. वहिनींच्या नांवची ठेव, मुलांच्या फिया, सारें पैन्‌पै जागच्या जागीं. परंतु वहिनींनीं रात्रीचें जेवण सोडून दोन महिने झाले, हें मला आठ वर्षांच्या पुतणीनें सांगितलें! दोन्ही वेळां त्यांच्याच हातचें वाढून घेणारा मी. मला दिसलें नव्हतें.

युंग या स्विस मानसशास्त्रज्ञानें 1921 सालच्या आपल्या ग्रंथांत मनाच्या चार शक्ती मानल्या आहेत: विचार, भावना, संवेदना व अंतःस्फूर्ति. ज्याचा विचार बलवान्, त्याची भावना बहुधा दुबळी राहते. येथें भावना म्हणजे डोळ्यांतलें पाणी नव्हे, तर समोरच्या माणसाचें मोल जाणणें. अशा मनुष्याच्या भावनेवर एकदम चाल केल्यास यश येत नाहीं. दुय्यम शक्तीच्या आडवाटेनें तिच्याकडे जावें, असें तो म्हणतो. माझ्यापुरती ती वाट डोळ्यांची, नाकाची व हातांची, असें मीं ठरविलें. (ठरविलें, हेंही विचारानेंच!)

पहांटे स्नेह्यानें मला मोहाच्या झाडाखालीं नेलें. रात्रभर गळलेलीं टपोरीं, फिकट फुलें जमिनीवर पसरलीं होतीं. वास गोड, पण जड. एक मावची आजी तीं वेंचीत होती. एका झाडाचीं फुलें किती भरतात, वाळून किती उरतात, असे प्रश्न मीं सुरू केले. तिची बोली मला कळेना; पण तिनें टोपली माझ्यापुढें सरकविली, त्याचा अर्थ कळला.

पहिल्या दिवशीं फुलांपेक्षां पाचोळाच अधिक वेंचला. तिसऱ्या सकाळीं ताजें फूल कोणतें व कालचें कोणतें, हें बोटांना उमगूं लागलें. त्याच सकाळीं आणखी एक दिसलें. आजी उठतांना दर वेळीं उजवा गुडघा दाबून धरीत होती. कोणी सांगितलें नव्हतें. भरलेली टोपली मीं उचलली आणि तिच्या मागोमाग पाड्यापर्यंत गेलों. दाराशीं तिनें माझ्याकडे नीट पाहिलें व पाण्याचा तांब्या पुढें केला.

त्या रात्रीं वहिनींस पत्र लिहावयास बसलों. सवयीनें पहिल्याच ओळींत ठेवीचा आकडा पडला. तो कागद बाजूस सारून दुसरा घेतला.