कोरे थर

गेल्या सप्टेंबरात मी न्यूर्नबर्गहून पोटनस्टाइनची टॉयफेल्सह्योले, म्हणजे सैतानाची गुहा, बघायला गेलो. कारण एवढंच, की जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. आत नऊ अंशांची थंडी. चुनखडीच्या झुंबरांचे फोटो काढून कंटाळलो, तेव्हा समोर आला गुहा-अस्वलाचा सांगाडा.

याच भागातल्या एका गुहेतल्या कवटीवरून रोझेनम्युलरने १७९४ मध्ये या प्राण्याला नाव दिलं, उर्सस स्पेलिअस. त्याआधी असली हाडं ड्रॅगनची म्हणून खपायची. जबडा बघून धडकी भरते, पण गडी मुख्यतः शाकाहारी. उन्हाळाभर पाला खाऊन चरबी साठवायची आणि हिवाळा गुहेत झोपून काढायचा. साठा कमी पडला तर झोपेतच संपायचं. काही गुहांत हजारो अस्वलांची हाडं साचली ती अशी. ऑस्ट्रियात मिक्सनिट्झजवळच्या ड्राखेनह्योलेतली हाडांची माती तर पहिल्या महायुद्धानंतर खतासाठी खणून नेली.

हजारो म्हटल्यावर मला आधी कत्तलच वाटली. मग हिशेब केला. दोन वर्षांत एक अस्वल मेलं तरी दहा हजार वर्षांत पाच हजार होतात. म्हणजे बहुतेकांचे हिवाळे नीटच गेले. जी जागी झाली ती बाहेर पडली, मागे काही न ठेवता. आमच्या एरर लॉगसारखंच, बिघडलं तेवढंच नोंदलं जातं.

हे बाबांना आवडलं असतं. पण आम्ही कामाशिवाय फोन करत नाही. ‘फोन आला नाही की समज, बरं चाललंय,’ असं तेच म्हणायचे, आणि मला ते सोयीचं होतं. नोव्हेंबरात तीन आठवडे फोन आला नाही. मग कळलं, त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती.

“तू तिथून काय करणार होतास? उगाच जिवाला घोर,” आई म्हणाली.

मागून बाबांचा आवाज, “अरे, नुसता झोपून होतो.”

लॉग कोरा असतो तो दोन कारणांनी. सगळं सुरळीत असतं, नाहीतर लिहिणारंच बंद पडलेलं असतं. म्हणून सर्व्हरला ठरावीक वेळाने ‘आहे’ म्हणायला लावतात. त्याला हार्टबीट म्हणतात. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात शिकलो होतो हे. गुहा-अस्वलं सुमारे २४,००० वर्षांपूर्वी नामशेष झाली. त्यानंतरच्या थरांत त्यांची हाडं नाहीत, पण ती हिवाळे नीट गेले म्हणून नव्हे.

बाबा फॅमिली ग्रुपवर रोज पहाटे फुलांचा ‘सुप्रभात’ टाकतात. तो ग्रुप मी दोन वर्षं म्यूट करून ठेवला होता. त्या रात्री उघडून मागे मागे गेलो. नोव्हेंबरात सलग अकरा दिवस एकही फूल नव्हतं.